साठ अंश म्हणजे नक्की किती?

"मॅडम, मी साठवरच लावतो. हा बघा फोटो." समोर बसलेल्या गृहस्थांनी मोबाइल पुढे केला. कपडे धुण्याच्या यंत्राचं बटण खरोखर ६० अंशांवर होतं. हे गृहस्थ भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बाजूला राहतात आणि तिथल्याच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या यंत्रावर काम करतात. दिवसभर घाम, कमरेला घट्ट पट्टा, त्यामुळे जांघेत आणि कमरेभोवती गजकर्ण. पहिल्या खेपेला औषध नीट घेतलं, बरं वाटलं. दोन महिन्यांत पुन्हा उठलं. दुसऱ्या खेपेला बायको आणि मुलगाही सोबत आले, तिघांनाही तेच. तिघांना एकत्र औषध दिलं, आतले कपडे, टॉवेल आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात वेगळ्या धुवायला सांगितल्या. यंत्र फ्रंट लोडचं, मेव्हण्याने नवं घेतलं तेव्हा जुनं यांच्याकडे आलेलं, पण पाणी तापवणारा हीटर असलेलं. तिसऱ्या खेपेला ते हा फोटो घेऊन आले होते.

मी विचारलं, "यंत्र चालू असताना पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात दाराच्या काचेला कधी हात लावून बघितलाय का?"

"लावतो की. मुलगा लहान असताना त्यातच डोकावून बसायचा. पण गरम कधी लागली नाही. म्हटलं, जाड काच आहे."

काच कितीही जाड असली तरी आत साठ अंशांचं पाणी अर्धा तास घुसळत असेल, तर बाहेरून हाताला चांगलं गरम लागायलाच हवं. आजचा लेख त्या काचेमागे काय बिघडलं होतं त्याविषयी आहे. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असं वाटत असेल तर आधी साठ हा आकडा कुठून आला ते पाहू.

गजकर्ण, नायटा ही बुरशी. ती त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते आणि त्या थराचे बारीक पापुद्रे कपड्यावर गळतात तेव्हा त्यांच्यासोबत कपड्यात जाते. चड्डीची शिवण, सलवारची नाडी, मोज्याचं तोंड, टॉवेलची लव या तिच्या आवडत्या जागा. तिथे ती आठवडेच्या आठवडे तग धरते. साधारण पंधरा वर्षांपूर्वी जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात बुरशी लावलेलं कापड वेगवेगळ्या तापमानाला धुऊन पाहिलं. ३० अंशांवर धुतलेल्या कापडावर जिवंत बुरशी सापडली, ६० अंशांवर धुतलेल्यावर सापडली नाही. त्याहून वाईट म्हणजे कमी तापमानाच्या धुण्यात ती एका कपड्यावरून दुसऱ्या स्वच्छ कपड्यावरही जाते. घरभराचे कपडे एकाच फेरीत कोंबण्याची आपली सवय इथे अंगाशी येते.

आपल्याकडे या बुरशीने गेल्या दहा-बारा वर्षांत फार त्रास दिला आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारा नायटा आता महिनोन् महिने रेंगाळतो. याला औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमं मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत, आणि हे मी इथे पूर्वीही लिहिलंय, पुढेही लिहीन. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या बुरशीच्या एका जातीला जपानी संशोधकांनी २०२० साली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं नाव दिलं. नावातच भारत आहे. अशा वेळी औषध नीट चालू असताना पुन्हा पुन्हा कपड्यातून तीच बुरशी अंगावर येणं परवडणारं नाही.

बाकीच्या आजारांचं गणित थोडं वेगळं आहे. खरजेचा किडा ५० अंशांच्या वर दहा मिनिटांत अंड्यांसकट मरतो. तो त्वचेपासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही, म्हणून धुता न येणाऱ्या वस्तू आठवडाभर पिशवीत बंद करून ठेवल्या तरी भागतं. खरूज मुख्यतः अंगाला अंग लागून पसरते, कपड्यांचा वाटा त्यामानाने कमी. दमा आणि सर्दीच्या ॲलर्जीत गादी-उशीतला डस्ट माइट हा सूक्ष्म किडा असतो. सिडनीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवलं की तो ५५ अंशांना आणि त्यावर मरतो, मात्र त्याची ॲलर्जी आणणारी घाण थंड पाण्यानेही बरीचशी निघून जाते. म्हणजे रोजच्या शर्ट-पँटला गरम पाण्याची काही गरज नाही. थंड पाण्यात धुवा, वीज वाचवा. पण ज्या दोन-चार कपड्यांना डॉक्टरने ६० सांगितलंय, तिथे ते ६० खरे असले पाहिजेत.

आपल्या आजीच्या काळी हा प्रश्नच नव्हता. परीट कपडे भट्टीला लावायचा. मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर भट्ट्या अजून दिसतात. सोडा घातलेल्या पाण्यात कपडे उकळायचे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं आणि खाली कितीही जाळ घातला तरी उघड्या भांड्यात त्याच्या वर जात नाही. तापमान मोजायला कोणी लागत नाही, पाण्याला फुटलेली उकळी हाच पुरावा. आता कापड रंगीत झालं, कृत्रिम धाग्याचं झालं, इलॅस्टिकचं झालं. ते उकळून चालत नाही. मग ६० अंशांवर नेमकं थांबायचं, आणि नेमकं थांबायचं म्हटलं की मोजणारं कोणीतरी हवं.

यंत्रात हे काम थर्मिस्टर नावाचा एक चिमुकला तुकडा करतो. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडचा मणी, तो बोटाच्या पेराएवढ्या नळीत बसवलेला आणि नळीचं टोक टबाच्या तळाशी, हीटरच्या शेजारी पाण्यात बुडलेलं. तांब्याची तार तापली की विजेला जास्त अडवते. या मण्याचं उलटं आहे. तो तापला की विजेला वाट सोपी होते, रोध कमी होतो. पदार्थाचा हा उलटा स्वभाव मायकेल फॅरेडेच्या लक्षात १८३३ साली आला होता, चांदीच्या सल्फाइडवर प्रयोग करताना. त्याचा बाजारात विकण्याजोगा थर्मिस्टर व्हायला मात्र पुढची जवळजवळ शंभर वर्षं गेली.

यंत्राचा बोर्ड पाण्याचं तापमान थेट जाणत नाही, हे लक्षात घ्या. तो या मण्यातून किंचितशी वीज पाठवतो, रोध किती ते पाहतो आणि आपल्या आतल्या तक्त्यावरून त्याचं अंशांत भाषांतर करतो. एक नेहमीचा नमुना घेऊ. २५ अंशांना १० हजार ओहम, ४० अंशांना साधारण ५३००, ६० अंशांना साधारण २५००. प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे असतात. कोणाचा सेन्सर २५ अंशांना पाच हजारांचा, कोणाचा त्याहून किती तरी मोठ्या आकड्याचा. पण चाल हीच. बोर्डाला २५०० दिसले की तो म्हणतो, झाले साठ, आणि हीटर बंद करतो.

हा सेन्सर पूर्ण मेला तर फारसं बिघडत नाही. तार तुटली तर रोध अनंत, म्हणजे बोर्डाच्या मते पाणी बर्फाहून थंड. तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्य, म्हणजे पाणी अशक्य गरम. दोन्ही गोष्टी होऊ शकत नाहीत हे बोर्डाला ठाऊक असतं. तो यंत्र थांबवतो आणि पडद्यावर 'टीई' किंवा तशी काही अक्षरं दाखवतो. आपण वैतागतो, मेकॅनिकला बोलावतो, काम होतं. (पावसाळ्यात आडोशाला आलेला उंदीर यंत्राच्या उघड्या तळातून आत शिरून तारा कुरतडतो, हे तार तुटण्याचं आपल्याकडचं एक नेहमीचं कारण.)

खरा घात अर्धवट बिघाडाने होतो. सेन्सर ठणठणीत आहे, पण त्याच्या जोडणीवर ओल आली आहे, असं समजा. साबणाच्या पाण्यातून वीज बऱ्यापैकी वाहते. त्या ओलीने दोन पिनांमध्ये ५ हजार ओहमची एक चोरवाट तयार केली. आता पाणी प्रत्यक्षात ४० अंशांना आहे, सेन्सरचा खरा रोध ५३०० आहे, पण वीज दोन्ही वाटांनी जाते आणि बोर्डाला एकूण रोध दिसतो साधारण २६००. बोर्डाच्या हिशोबी पाणी साठाला टेकलं. हीटर बंद. गंमत म्हणजे नळाचं २८ अंशांचं पाणी आत येतं तेव्हाच या बोर्डाला ते पन्नाशीच्या पुढचं वाटत असतं. पन्नास हे काही अशक्य तापमान नाही, त्यामुळे तो तक्रारही करत नाही. पडद्यावर कुठली अक्षरं येत नाहीत, फेरी वेळेत संपते, कपड्याला साबणाचा वास येतो. फक्त बुरशी जिवंत राहते.

याच्या उलटही घडतं. पिन गंजली, हिरवी पडली की विजेच्या वाटेत जास्तीचा अडथळा येतो. बोर्डाला पाणी आहे त्याहून थंड वाटतं आणि तो तापवतच राहतो. कपडे आकसतात, रंग जातो, आणि सुरक्षेसाठी बसवलेला दुसरा उष्णतेचा कटआउट वेळेवर चालला नाही तर त्याहून वाईट. सेन्सरच्या टोकावर क्षारांची खपली चढली तर तो सुस्तावतो, पाण्याच्या मागून तापतो.

आमच्या भागात या सगळ्याला पोषक हवा आहे. उत्तरेला वसईची खाडी, भोवती खाजण आणि मिठागरं. आगरी लोकांच्या पिढ्या या मिठागरांवर राबल्या. ज्या खाऱ्या, दमट हवेने मीठ पिकवलं तीच हवा बाल्कनीत किंवा न्हाणीघरात ठेवलेल्या यंत्राच्या पितळी पिनांना हिरवं करते. पाण्याचंही तसंच. स्टेम आणि एमआयडीसीकडून येणारं उल्हास खोऱ्यातलं पाणी हलकं असतं. पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर लागले की जड पाणी टाकीत मिसळतं, आणि हीटरवर व सेन्सरवर पांढरी खपली बसू लागते. गीझरचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ही खपली ओळखीची असेल.

मग घरच्या घरी कसं ओळखायचं? पहिली गोष्ट, धुणं संपल्यावर कपडे थंड निघाले यावरून काहीच कळत नाही. शेवटची खळबळ थंड पाण्यातच होते. दुसरी, 'इको' नावाच्या फेरीवर परीक्षा घेऊ नका. त्या फेरीत यंत्र वीज वाचवण्यासाठी मुद्दाम कमी तापवतं आणि जास्त वेळ धुतं. सुती कपड्यांची साधी ६० अंशांची फेरी लावा, यंत्र रिकामं ठेवा.

त्यानंतरची सर्वांत चांगली परीक्षा यंत्राला हातही न लावता होते, विजेच्या मीटरवर. हीटर साधारण २ किलोवॉटचा असतो. आत १५ लिटर पाणी घेतलं असेल आणि ते २८ वरून ६० वर न्यायचं असेल, तर त्याला किमान १७ मिनिटं लागणारच. ड्रम आणि कपडे तापायचे ते वेगळे. हे भौतिकशास्त्र आहे, यंत्राची लहर नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती ठोके ते छापलेलं असतं. तो आकडा ३२०० असेल तर २ किलोवॉटच्या हीटरला सेकंदाला जवळजवळ दोन ठोके पडतात. घरातला फ्रिज, गीझर, एसी, पंखे तेवढ्यापुरते बंद ठेवा आणि दिवा पाहत राहा. हीटर लागला की दिव्याची लगबग लगेच कळते. ती पंधरा-वीस मिनिटं किंवा जास्त टिकली तर ठीक. मुळीच सुरू झाली नाही तर हीटर किंवा त्याचा रिले गेलेला असू शकतो. सुरू होऊन पाच-सहा मिनिटांत थांबली तर सेन्सर किंवा त्याची जोडणी बोर्डाला खोटं सांगतेय. तासभर थांबलीच नाही तर यंत्र बंद करा आणि मेकॅनिक येईपर्यंत लावू नका. आपल्या इमारतींत मीटर तळमजल्यावर जिन्याखाली असतात, म्हणून दोघं लागतात, एक वर यंत्रापाशी आणि एक खाली फोन कानाला लावून. आमच्या रुग्णाचा मुलगा खाली उभा राहिला होता. त्याने सहा मिनिटं मोजली.

पाण्याचंच तापमान बघायचं असेल तर फेरी मध्येच थांबवून फक्त पाणी सोडण्याची आज्ञा द्या आणि पाइपचं तोंड बादलीत धरा. काही यंत्रं पाणी सोडण्याआधी त्यात थंड पाणी मिसळतात, त्यामुळे थोडा फरक पडेल. लहान मुलांना लांब ठेवा, साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. आणि कृपा करून तापाचा थर्मामीटर त्यात बुडवू नका. तो ४२-४३ अंशांपर्यंतच मोजतो. डिजिटल असेल तर नुसतं 'एच' दाखवेल, पाऱ्याचा असेल तर फुटेल आणि मग बादलीत पारा, हा नवाच आजार. दुधासाठी किंवा स्वयंपाकासाठी मिळणारा, शंभर अंशांपर्यंत मोजणारा साधा डिजिटल थर्मामीटर पुरे.

यापुढचं काम मेकॅनिकचं. यंत्राचा तळ किंवा पाठ उघडल्यावर सेन्सरच्या बोटभर अंतरावर हीटरची २३० व्होल्टची टोकं असतात. न्हाणीघरातली ओली फरशी आणि अनवाणी पाय यांच्यासोबत त्यांचा संबंध येऊ नये. यंत्राला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर सेन्सर वगैरे सगळं राहू द्या, आधी अर्थिंग तपासून घ्या. विजेच्या धक्क्याचे रुग्ण मी पाहते, पावसाळ्यात जास्तच.

मेकॅनिक आला की त्याला एक प्रश्न जरूर विचारा, "सेन्सरचे ओहम किती आले?" चांगला कारागीर प्लग काढतो, जोडणी सोडवतो, मल्टिमीटर लावून खोलीच्या तापमानाला आकडा घेतो आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघतो. मग सेन्सरचं टोक कोमट, नंतर गरम पाण्याच्या पेल्यात धरतो. आकडा सलग, न अडखळता उतरत गेला तर सेन्सर ठीक. मध्येच उड्या मारल्या, किंवा तार हलवल्यावर आकडा बदलला, तर दोष सापडला. पाच मिनिटांचं काम. पण बरेच जण हे न करता "बोर्ड गेलाय" असं जाहीर करतात. सेन्सर काही शे रुपयांत येतो, बोर्डाला काही हजार पडतात. एक्स-रे न काढता प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरला तुम्ही जे विचाराल, तेच इथे विचारायला हरकत नाही.

नवघरच्या त्या घरी आलेला मुलगा चांगला निघाला. जोडणीवरच मीटर लावला तर ३२०० ओहम. "एवढं कमी? बाहेर अठ्ठावीस डिग्री आहे," तो म्हणाला. सेन्सर ज्या रबरी बुचात बसतो ते बूच कडक होऊन चिरलं होतं. तिथून साबणाचं पाणी थेंब थेंब झिरपून जोडणीत साचलं होतं आणि पिनांवर हिरवट लगदा झाला होता. जोडणी पुसली, वाळवली, सेन्सर सुटा करून पुन्हा मोजला, ८८०० च्या आसपास. म्हणजे सेन्सर निर्दोष होता. बूच बदललं, पिना साफ केल्या, जोडणी पाणी पडणार नाही अशी वर वळवून बांधली. त्यानंतरच्या फेरीत खालचा दिवा वीस मिनिटांहून जास्त लुकलुकत राहिला आणि काच, त्या गृहस्थांच्या शब्दांत, "चहाच्या पेल्यासारखी" झाली.

त्यांचं गजकर्ण गेलं, तिघांचंही. पण त्याचं श्रेय मी एकट्या यंत्राला देणार नाही. त्या खेपेला तिघांनी एकाच वेळी औषध सुरू केलं, डाग दिसेनासे झाल्यावरही ठरलेल्या मुदतीपर्यंत घेतलं, आणि कारखान्यातून आल्या आल्या घामाचे कपडे बदलायची सवय लावली. यातलं काहीही सोडून नुसतं पाणी तापवलं असतं तर ते चौथ्यांदा माझ्यासमोर बसले असते.

मला या प्रकरणात जास्त रस वाटला त्याचं कारण आमच्या इस्पितळातच आहे. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरमध्ये याच जातीचा थर्मिस्टर असतो. बाळाच्या पोटावर तो चिकटपट्टीने लावतात. पट्टी सुटून तो हवेत लोंबला तर यंत्राला वाटतं बाळ गार पडलंय, आणि ते जास्त ऊब देऊ लागतं. गंजलेल्या पिनेने कपडे आकसतात, तोच प्रकार, फक्त खाली बाळ असतं. म्हणून यंत्राच्या आकड्यावर न विसंबता आमच्या सिस्टर ठरावीक वेळाने बाळाच्या काखेत वेगळा थर्मामीटर लावतात आणि पायाला हात लावून बघतात. लशींच्या शीतपेटीचंही तसंच. आतलं तापमान २ ते ८ अंशांत हवं. पेटीवर आकडा दिसत असला तरी आत एक सुटा थर्मामीटर ठेवलेला असतो आणि रोज सकाळ-संध्याकाळ, सुट्टीच्या दिवशीही, त्याची नोंद वहीत होते. मोजणाऱ्याला मोजायला दुसरा कोणीतरी, ही शिस्त लसीकरणाने गावोगावच्या आरोग्य केंद्रांत रुजवली आहे. घरातल्या यंत्रासाठी रोज वही नको. वर्षातून दोनदा, टँकरचे दिवस संपल्यावर आणि पावसाळा संपल्यावर, मीटरचा दिवा मोजला तरी पुष्कळ झालं.

आता ज्यांच्या यंत्रात हीटरच नाही त्यांचं काय? वरून कपडे टाकायची बहुतेक यंत्रं आणि दोन टबांची जवळजवळ सगळी यंत्रं बिनहीटरची असतात. नवघर, गोडदेव, खारीगावातल्या बहुतेक घरांत हीच दिसतील, आणि कित्येक घरांत अजून मोरीतला धुण्याचा दगडच आहे. त्यांना नवं यंत्र घ्या असं मी कधीच सांगत नाही. बादली पुरते. खळखळून उकळलेलं पाणी आणि नळाचं पाणी समसमान मिसळलं तर ते ६४ अंशांच्या जवळ येतं. गार बादली आणि कपडे त्यातली बरीच ऊब खातात, म्हणून दोन भाग उकळतं आणि एक भाग नळाचं घ्या, साधारण ७६ येतील आणि कपडे बुडाल्यावरही साठाच्या वर राहतील. बादली जाड प्लास्टिकची असेल तर चालेल, पत्र्याची असेल तर लवकर निवते. कपडे पूर्ण बुडतील एवढं पाणी, वर ताट झाकण म्हणून, आणि अर्धा तास. नंतर नेहमीसारखे धुवा किंवा बिनहीटरच्या यंत्रात घाला, मात्र घरातल्या इतरांच्या कपड्यांसोबत नकोत.

बादलीत आधी नळाचं पाणी आणि कपडे, मग उकळतं पाणी, काठाकडून हळूहळू. उलट केलं तर कपडा टाकताना उकळतं पाणी अंगावर उडतं. पातेलं उचलणारा माणूस आणि बादली यांच्या मध्ये पोरंबाळं नकोत. वाळवताना आतले कपडे लाजेखातर शर्टाखाली झाकून घालायची पद्धत आहे, ती सोडून द्या, उन्हात उलटे करून पसरा. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा इस्त्री फिरवा, आणि ती मधल्या सपाट कापडापेक्षा शिवणींवर आणि कमरेच्या पट्टीच्या कडेवर जास्त वेळ फिरवा. बुरशी बसते ती तिथेच.